ब्लॅककरंट आणि आवळकाठी

विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेच्या कर्जत फाट्यावरचे कल्याणच्या लगेच पुढचे स्थानक. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. या स्थानकाबाहेरच्या बाजारात वर्षभर फळांचा एक क्रम चालू असतो. चैत्र-वैशाखात करवंदे, पाऊस तोंडावर आला की बदलापूरकडची जांभळे, कार्तिकापासून आवळे. कर्जत, नेरळ, बदलापूरकडच्या कातकरी आणि ठाकूर बाया डोक्यावर पाटी घेऊन गाडीने येतात आणि पानाच्या द्रोणात माल देतात. करवंदांना त्या 'डोंगराची काळी मैना' म्हणतात, ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

याच रस्त्यावर थोडे पुढे आइस्क्रीमचे दुकान असते आणि त्याच्या फलकावर एक जांभळा गोळा काढलेला असतो. खाली नाव लिहिलेले असते 'ब्लॅक करंट'. शेजारच्या औषधांच्या दुकानात त्याच नावाच्या गोळ्या नि सरबते दिसतात. डोळ्यांना चांगले, रक्ताला चांगले, प्रतिकारशक्तीला चांगले, असे त्यांच्याविषयी पुष्कळ काही बोलले जाते. आणि ते वाचून आपल्याकडची एखादी काळजीवाहू आई काय करते? किराणावाल्याकडून पाव किलो काळ्या मनुका आणते आणि रात्री भिजत घालते. तिला वाटते, हाच तो ब्लॅककरंट.

वाचकहो, हा तो नव्हे. आज आपल्याशी बोलायचे आहे ते या गफलतीविषयी आणि त्या निमित्ताने एका जीवनसत्त्वाच्या इतिहासाविषयी. त्या इतिहासात इंग्लंडची लहान मुले आहेत, तसेच आपल्या साताऱ्या-रत्नागिरीकडचे शिपाईही आहेत.

प्रथम नावाचे पाहू. ग्रीसमध्ये कॉरिंथ नावाचे प्राचीन शहर आहे. त्या बाजूला होणाऱ्या बारीक, बिनबियांच्या द्राक्षांच्या मनुका मध्ययुगात इंग्लंडात जात. कॉरिंथच्या मनुका त्या 'करंट'. म्हणजे मुळात हा शब्द द्राक्षाचाच. पुढे सोळाव्या शतकात उत्तर युरोपातल्या एका झुडपाची फळे इंग्रजांच्या बागांत आली. ती गोल, बारीक आणि घोसाने लटकणारी. दिसायला त्या मनुकांसारखी. झाले! लोकांनी त्यांनाही करंट म्हणायला सुरुवात केली. तेव्हा गफलत विठ्ठलवाडीच्या माउलीने प्रथम केली असे समजू नका, ती खुद्द इंग्रजांनीच आधी करून ठेवलेली आहे.

वनस्पतिशास्त्रात ब्लॅककरंटचे नाव रायबीस नायग्रम. द्राक्षाच्या वेलाशी त्याचा काही संबंध नाही. हे पुरुषभर उंचीचे झुडूप असून त्याला लांब आणि कडक हिवाळा लागतो. पुष्कळ आठवडे थंडीत गारठल्याखेरीज त्याला नीट फळ धरत नाही. हिमालयात त्याच्या जातभाईंची झुडपे आढळतात, पण कल्याण-ठाण्याच्या दमट हवेत ते लावणे म्हणजे हापूसची कलमे स्कॉटलंडात लावण्यासारखे आहे. फळ काळेभोर, आंबट, किंचित तुरट आणि उग्र वासाचे. नुसते खायला फार थोड्यांना आवडते. म्हणून त्याचा पाक, मुरंबा नाहीतर मद्य करतात. फ्रान्समध्ये १७१२ साली एका पाद्र्याने या फळाच्या अद्भुत गुणांवर पुस्तिकाच छापली आणि ते जवळजवळ सर्व रोगांवर चालते असे सांगून टाकले. इंग्लंडातही घसा सुजला की त्याचा काढा देत. असे दावे प्रत्येक देशात प्रत्येक फळाबद्दल होत आले आहेत. त्यांचे फार मनावर घेण्याचे कारण नाही.

परंतु एक दावा मात्र पुढे खरा ठरला. त्यासाठी आधी आपल्याला जरा समुद्रावर जावे लागेल.

पूर्वी लांबच्या सफरीवर गेलेल्या खलाशांना स्कर्व्ही नावाचा रोग होई. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई, दात हलत, अंगावर निळे-काळे डाग उठत, जुन्या जखमा पुन्हा उकलत आणि माणूस गळून गळून मरे. १७४७ साली इंग्रजी आरमारातील डॉक्टर जेम्स लिंड याने 'सॉल्सबरी' या जहाजावर बारा रोगी निवडले. दोन-दोनांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे मिळाली ते सहा दिवसांत उठून बसले. इतके स्वच्छ उत्तर हाती आले, तरी आरमाराने लिंबाचा रस सर्वांना द्यावयाचे ठरवले ते १७९५ साली! सरकारी कामाला वेळ लागतो हे फक्त आपल्याकडेच खरे आहे, असे नाही.

पुढे आणखी एक चूक झाली. एकोणिसाव्या शतकात मोठ्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान हिरवी लिंबे वापरात आली, कारण ती इंग्रजांच्याच वसाहतीत होत. त्यांच्या रसाच्या बाटल्या भरून १८७५ साली एक मोहीम उत्तर ध्रुवाकडे निघाली, आणि रस पिऊनही खलाशांना स्कर्व्ही झाला. आंबटपणा होता, पण गुण नव्हता. आंबट म्हणजे गुणकारी, अशी समजूत आजही पुष्कळांची असते. आंबटपणा आणि क जीवनसत्त्व या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता आपल्या माणसांकडे येऊ.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांशी लढायला गेली. तिचा सेनापती जनरल टाउनशेंड. बगदादच्या अलीकडे तिला माघार घ्यावी लागली आणि तैग्रिस नदीच्या एका वळणावरील कूत-अल-अमारा या गावात ती अडकली. वेढा पडला ७ डिसेंबर १९१५ रोजी. आत जे सैन्य होते त्यात १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी मराठा, अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरच्या वाड्या-वस्त्यांतली ही पोरे.

वेढ्यात अन्न हळूहळू संपत गेले. आणि मग वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच पाहावयास मिळेल अशी एक गोष्ट तिथे घडली. एकाच गावात, एकाच तटबंदीत, एकाच शत्रूच्या तोफांखाली असलेल्या गोऱ्या आणि हिंदी शिपायांना दोन निरनिराळे रोग झाले. गोऱ्यांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे आणि घोड्याचे ताजे मांस मिळे. त्यांना बेरीबेरी झाला, कारण मैद्यात ब जीवनसत्त्व उरलेले नसते. हिंदी शिपायांना कोंड्यासकट पीठ मिळे, त्यामुळे बेरीबेरीने त्यांना विशेष त्रास दिला नाही. पण ताजी भाजी नाही, फळ नाही, आणि घोड्याचे मांस त्यांनी धर्माच्या कारणाने पुष्कळ दिवस नाकारले. त्यांना स्कर्व्हीने गाठले. वेढ्याच्या त्या काही महिन्यांत हजारावर हिंदी शिपाई या रोगाने इस्पितळात आले. पुढे मैदा संपला, गोऱ्यांनाही जाडेभरडे पीठ खावे लागले, तेव्हा त्यांचा बेरीबेरी उतरला! हिंदी शिपायांसाठी मात्र नदीकाठचा पाला खुडून भाजी म्हणून शिजवण्यापर्यंत पाळी आली. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने घोड्याचे मांस खाण्याची मोकळीक मागवली गेली, पण ती उपयोगी पडेपर्यंत एप्रिल उजाडला होता. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंडने शस्त्र खाली ठेवले.

हे पराभवाचे वर्णन इतिहासाच्या पुस्तकांत येते. त्यात सेनापतीच्या चुका येतात, नदीच्या पुराची हकीगत येते. पण कोकणातल्या ज्या पोराच्या दारात आवळा, काजू, शेवगा उभा होता, तो परमुलखात एका चिमूटभर द्रव्यावाचून दात गमावून बसला, ही गोष्ट फार थोड्या ठिकाणी सांगितलेली आढळते. कूतबाहेरही हीच तऱ्हा होती. १९१६ च्या उत्तरार्धात मेसोपोटेमियातील हिंदी सैन्यात स्कर्व्हीचे ११,००० हून अधिक रोगी निघाले.

यावर काय उपाय करावा म्हणून लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक ही शास्त्रज्ञ बाई आणि तिच्या सहकारी कामाला लागल्या. गिनीपिगला माणसासारखाच स्कर्व्ही होतो. त्यांना निरनिराळे पदार्थ खाऊ घालून त्यांनी परीक्षा घेतली. हिरव्या लिंबाच्या रसात पिवळ्या लिंबाच्या रसाच्या जेमतेम पाव हिश्शाइतकाच गुण असतो हे त्यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले, आणि ध्रुवाकडे गेलेल्या त्या खलाशांचे कोडे सुटले. मग त्यांनी हिंदी शिपायाच्या ओळखीचे पदार्थ घेतले. कोणते म्हणाल? वाळलेली चिंच, आमचूर आणि आपले कोकम! आमसुलाची परीक्षा लंडनच्या प्रयोगशाळेत झाली आहे, हे वाचून कोकणवासी वाचकाला जरा बरे वाटेल. निकाल मात्र तितकासा बरा नव्हता. या वाळवलेल्या आंबट वस्तूंत गुण आहे, पण ताज्या लिंबाच्या मानाने फारच थोडा, असे ठरले. पुन्हा तेच, आंबट असून चालत नाही.

याच सुमारास दुसरी एक साधी वस्तू मात्र परीक्षेत उत्तम उतरली. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. तेच भिजवून मोड आणले की ते तयार होते. तेव्हा जहाजातून ताजी फळे न्यायला नकोत, मसूर-मुगाची पोती न्या नि मुक्कामावर मोड काढा, असा सल्ला सैन्याला मिळाला. आपल्या घरी मूग-मटकीला मोड आणण्याची रीत किती पिढ्यांची आहे, कोण जाणे. अर्थात आपण ती उसळ पुष्कळ वेळ शिजवतो आणि उष्णतेने यातले बरेचसे जीवनसत्त्व जाते, ही गोष्ट वेगळी.

ते द्रव्य नेमके कोणते, हे कळायला आणखी काही वर्षे गेली. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी ते १९२८ साली वेगळे काढले होते. पण ते हेच, याची खात्री १९३२ च्या सुमारास पटली. पुढच्या अभ्यासासाठी त्यांना ते भरपूर मिळाले ते त्यांच्या गावच्या मिरचीतून. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता फळे, भाज्या मोजून पाहता येऊ लागल्या. ब्लॅककरंटचा भाग्योदय झाला तो इथे. मोजले तेव्हा शंभर ग्रॅम ताज्या ब्लॅककरंटमध्ये सुमारे १८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व निघाले. संत्र्याच्या तिप्पट-चौपट.

आणि लगोलग दुसरे महायुद्ध आले. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने इंग्लंडात संत्री येईनाशी झाली. लहान मुलांचे काय करायचे? सरकारने बागाईतदारांना ब्लॅककरंट लावायला सांगितले, जवळजवळ सर्व पीक पाक करण्यासाठी वळवले आणि १९४१ च्या अखेरीपासून दोन वर्षांखालील मुलांना तो पाक वाटला. शाळेतली मुले रानात जाऊन जंगली गुलाबाची फळे गोळा करून आणीत, त्यांचाही पाक होई. तिकडच्या एका पिढीच्या जिभेवर ही जांभळी चव अशी बसली. आजही इंग्लंडात जांभळ्या रंगाची गोळी म्हणजे ब्लॅककरंटची, असे मूल समजते. अमेरिकेतले मूल मात्र तीच गोळी द्राक्षाची समजते, कारण तिथे १९११ पासून हे झुडूप लावायला बंदी होती. पाइन वृक्षांवर पडणारा तांबेरा या झुडपाच्या आश्रयाने वाढतो, आणि अमेरिकेला लाकूड प्यारे होते. मध्यवर्ती सरकारची ती बंदी १९६६ साली उठली, तरी काही संस्थानांनी आपापली बंदी पुढे कितीतरी वर्षे ठेवली.

पाहा, फळ तेच. एका देशात ते सरकारी पाहुणे, दुसऱ्या देशात हद्दपार. फळाची कीर्ती पुष्कळ वेळा त्याच्या गुणांपेक्षा त्याच्या नशिबावर चालते, असे माझे मत आहे.

मग आपल्याकडे त्या वेळी काय चालले होते? १९३९-४० साली तेव्हाच्या पंजाबातील, आताच्या हरियाणातील, हिस्सार जिल्ह्यात दुष्काळ पडला. हिरवे पान दिसेना. लोकांना स्कर्व्ही होऊ लागला. तिथे पाठवायचे काय? संत्री परवडणार नव्हती आणि टिकणारही नव्हती. आवळा दिला, आणि रोगी बरे झाले. युद्धकाळात सैन्याच्या शिध्यासाठीही आवळ्याचे चूर्ण आणि वड्या करण्यात आल्या. मेसोपोटेमियातील त्या धड्याला उत्तर मिळायला असा पंचवीस वर्षांचा काळ लागला, आणि ते उत्तर आपल्याच रानात होते. आवळ्याची खुबी अशी की, नीट सावलीत वाळवला तरी त्यातले क जीवनसत्त्व बरेचसे टिकते. कोकम आणि चिंच जिथे हरली तिथे आपली आवळकाठी जिंकली!

इंग्लंडात १९४१-४२ मध्ये ब्लॅककरंटने जे काम केले, तेच काम वर्ष-दोन वर्षे आधी हिस्सारमध्ये आवळ्याने केले होते. फरक इतकाच की, तिकडे त्या फळाचा पाक घराघरांत गेला, बाटल्या निघाल्या, पुढे त्याची जगभर जाहिरात झाली. आपला आवळा दुष्काळ संपताच पुन्हा मुरंब्याच्या बरणीत जाऊन बसला.

त्या काळात कुन्नूरला पोषणसंशोधनाची प्रयोगशाळा होती. तीच पुढे १९५८ साली हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून आज ओळखली जाते. डॉ. वि. ना. पटवर्धन हे आपले मराठी शास्त्रज्ञ तिचे संचालक होते. या संस्थेने हिंदी अन्नपदार्थांचे जे कोष्टक १९७१ साली ग्रंथरूपाने काढले, ते उघडून पाहण्यासारखे आहे. शंभर ग्रॅमला क जीवनसत्त्व किती? संत्रे ३० मिलिग्रॅम. लिंबू ३९. कोथिंबीर १३५. पेरू २१२. शेवग्याचा पाला २२०. आवळा ६००. याच संस्थेच्या २०१७ च्या नव्या मोजणीत आवळ्याचा आकडा अडीचशेच्या आसपास भरला. झाडाची जात, फळाची पक्वता, मोजण्याची रीत यांनी असा फरक पडतो. पण अडीचशे धरले तरी तो ब्लॅककरंटच्या पुढेच आहे.

आणि याच कोष्टकात एक नोंद अशी आहे की ती वाचून मी थबकलो. काजूचे बोंड: १८० मिलिग्रॅम! म्हणजे बरोबर ब्लॅककरंटइतके. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड आज सिंधुदुर्ग-रत्नागिरीत घरचे झाले आहे. बी विकायची आणि बोंड झाडाखाली कुजू द्यायचे, अशी आपली रीत. थोडी बोंडे गोव्याकडे फेणीला जातात, थोडी गुरे खातात. ते बोंड एका दिवसात नासते, घशाला खरखरते, हे सगळे खरे. पण ब्लॅककरंट तरी कुठे खायला गोड आहे? इंग्रजांनी त्याला साखरेच्या पाकात घालून मुलांच्या गळ्याखाली उतरवले. आपण बोंडाच्या बाबतीत तेवढे कष्ट घेतले नाहीत.

आता विठ्ठलवाडीतल्या त्या माउलीकडे परत येऊ. तिने भिजत घातलेल्या काळ्या मनुका म्हणजे वाळलेली काळी द्राक्षे. सांगली-तासगाव आणि नाशिक भागातला हा आपला चांगला माल आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यात शक्ती आहे, थोडे लोह आहे, पोट साफ राहायला मदत होते. पण द्राक्ष वाळताना त्यातले क जीवनसत्त्व जवळजवळ सगळे जाते. शंभर ग्रॅमला एक-दोन मिलिग्रॅम उरते, आणि साखर मात्र निम्म्याहून अधिक असते. म्हणजे ब्लॅककरंटचे गुण वाचून जो मनुका खातो, त्याला जे हवे होते ते मिळत नाही. त्याला मधुमेह असेल तर जे नको होते तेच मिळते.

ही केवळ शब्दांची मौज नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात आहे. रक्त कमी असण्याची कारणे अनेक असतात. पण आपण जे लोह खातो ते मुख्यतः भाकरी, डाळ, पालेभाजीतले, आणि ते शरीरात फार थोडे शोषले जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते शोषण वाढते. घासाबरोबर घास, हे महत्त्वाचे. सकाळी गोळी आणि रात्री भाकरी, अशाने तो लाभ होत नाही. बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, वर कच्ची कोथिंबीर आणि पानात लिंबाची फोड. ही फोड आपल्या आजीने डाव्या बाजूला वाढली ती शोभेसाठी नव्हे, असे म्हणायला हरकत नाही. मात्र चहा जेवणाला लागून घेऊ नका. चहाने हेच शोषण कमी होते.

प्रौढ पुरुषाला रोज सुमारे ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळावे, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली सांगितले आहे. हे एका मध्यम पेरूत होते. एका मोठ्या आवळ्यातही होते.

'पण ब्लॅककरंटमध्ये आणखीही काही आहे म्हणतात,' असे कुणी विचारील. आहे. त्याचा जो काळा-जांभळा रंग आहे तो अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. या द्रव्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, व्यायामानंतर स्नायू लवकर सावरतात, रक्तवाहिन्या मऊ राहतात, अशा दिशेचे प्रयोग जपान, न्यूझीलंड आणि इंग्लंडात झाले आहेत. ते बहुतेक लहान प्रयोग आहेत, थोड्या माणसांवर, थोड्या दिवसांचे. त्यावरून औषध म्हणून भरवसा ठेवावा इतका पुरावा जमलेला नाही. आणि अँथोसायनिनच हवे असेल तर ते आपल्या बाजारात पाटीभर पडलेले आहे. जांभूळ खाऊन जीभ जी निळी-जांभळी होते, ती याच कुळातल्या रंगद्रव्यांनी! त्यांतले डेल्फिनिडिन हे ब्लॅककरंटमध्येही मुख्य आहे. उल्हासनगरच्या सिंधी मंडळींच्या घरी उन्हाळ्यात फालशाचे सरबत होते, त्याचाही रंग याच जातीचा. दुसऱ्या महायुद्धात जिथे लष्कराची छावणी होती त्या जागेवर फाळणीनंतर ही मंडळी आली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार मागे राहिले, पण फालशाची चव बरोबर आली.

तरीही जांभळाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. क जीवनसत्त्व त्यात बेताचेच असते, शंभर ग्रॅमला अठरा मिलिग्रॅम. ते काम जांभळाकडून अपेक्षू नये. आणि जांभळाच्या बियांच्या भुकटीने मधुमेह बरा होतो, असे कुणी सांगितले तर डॉक्टरांचे औषध सोडून देऊ नका. भुकटी घेणारे पुष्कळ आहेत, पण औषध सोडून पायाला जखम चिघळलेलेही आहेत.

बाटलीतल्या सरबताचेही असेच. २००४ साली न्यूझीलंडमध्ये चौदा वर्षांच्या दोन शाळकरी मुलींनी विज्ञानाच्या तासाला निरनिराळ्या पेयांतले क जीवनसत्त्व मोजायला घेतले. त्यात इंग्लंडचे ते प्रसिद्ध 'रायबिना' होते, १९३८ पासून विकले जाणारे. जाहिरातीत म्हटले होते की, ब्लॅककरंटमध्ये संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असते. फळाविषयी ते खोटे नव्हते. पण मुलींनी मोजले तेव्हा तयार पेयाच्या डब्यात ते जवळजवळ सापडेचना! मुलींनी कंपनीला विचारले, तर कुणी दाद दिली नाही. प्रकरण शेवटी सरकारी खात्याकडे गेले आणि २००७ साली ऑकलंडच्या न्यायालयात कंपनीने गुन्हा कबूल केला, तिला दंड झाला. आपणही आइस्क्रीमचा डबा किंवा सरबताची बाटली उलटी करून घटकांची यादी वाचावी. त्यात ब्लॅककरंटचा रस किती, रंग आणि वास किती, आणि साखर कितव्या क्रमांकावर आहे, हे एक मिनिटात समजते. चवीसाठी खायचे तर खुशाल खावे. आइस्क्रीम ही चैनीची वस्तू आहे, तिला औषधाचे नाव कशाला द्यायचे?

बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही चांगली गोष्ट झाली. कारण त्या परिसरात वस्ती वाढत गेली तशी जुनी जांभळीची झाडे तुटत गेली. करवंदीच्या जाळ्यांचे तेच होत आहे. रान मागे सरकले तसा पाटीवालीचा फेरा लांबला. आवळ्याचे मात्र असे नाही. त्याच्या बागा ठिकठिकाणी लागल्या आहेत नि हंगामात तो स्वस्त असतो.

तेव्हा कार्तिकात आवळा आला की तीन गोष्टी करून पाहा. रोज एक कच्चा आवळा किसून कोशिंबिरीत घाला. शिजवणे नाही, फोडणी द्यायची तर ती गार करून वरून. दुसरे, किलो-दोन किलो आवळे किसून, मीठ नि जिरेपूड लावून सावलीत कडकडीत वाळवा. ही आवळकाठी किंवा आवळासुपारी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरते. लोखंडी किंवा तांब्याच्या भांड्यात आवळा ठेवू नये. त्याने क जीवनसत्त्व लवकर नासते. तिसरे, मोरावळा करायचा तर जरूर करा, पण तो गोडाचा पदार्थ म्हणून. उकळल्यावर आणि साखरेत मुरल्यावर कच्च्या आवळ्याचा सगळा गुण त्यात राहत नाही.

याच महिन्यात आपल्याकडे आवळीभोजन होते, आवळीच्या झाडाखाली पंगत बसते. तुळशीच्या लग्नाला वृंदावनात ऊस, चिंच आणि आवळा ठेवतात. दुसऱ्या दिवशी ऊस मुले पळवतात, चिंच चोखून संपते आणि आवळा तेवढा निर्माल्याबरोबर जातो. तो उचलून धुवावा, चार फोडी कराव्यात आणि मीठ लावून मुलांच्या हातावर ठेवाव्यात. खाऊन वर पाणी प्यायला सांगावे. पाणी गोड लागते.